बहिरोवन बाई

आमच्या पेठेत आईबापांनी ठेवलेलं नाव रेशनकार्डावर आणि लग्नपत्रिकेत तेवढं वापरतात. बाकी जन्मभर माणूस दुसऱ्याच नावानं जगतो. कुणाचं नाव नाकावरून पडतं, कुणाचं एखाद्या मॅचमध्ये घालवलेल्या गोलावरून, आणि एकदा पडलं की पडलं. चिडलात तर आणखी घट्ट चिकटतं. शिवाजी पेठेत जन्मलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण वाचणाऱ्यांत बाहेरचे पाव्हणेही असतील, म्हणून आधीच सांगून टाकते. नाहीतर म्हणाल, ही बाई पोरांना बिथोवनची टिंगल करायला शिकवत होती.

मी पियानो शिकवते. होय, कोल्हापुरात. हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, ‘म्हणजे पेटीच न्हवं?’ पूर्वी मी समजावून सांगत बसायचे. आता म्हणते, ‘पेटीच. पाय फुटलेली.’ विषय कट.

लहानपणी मी मिशनच्या शाळेत होते. तिथं एक वयस्कर मॅडम प्रार्थनेला पियानो वाजवायच्या आणि मी शेजारी उभी राहून पानं उलटायचे. पानं उलटता उलटता शिकले. पुढं मुंबईला जाऊन परीक्षा दिल्या, लग्न झालं तरी सोडलं नाही. सासूबाई म्हणायच्या, ‘एवढी बोटं भाकरीवर चालवली असतीस तर चंद्रासारखी झाली असती गं.’ भाकरी माझी कधीच गोल झाली नाही. पण गावातल्या एका इंग्रजी शाळेत मी वर्षानुवर्षं संगीत शिकवलं, आणि संध्याकाळी घरी, पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत, माझा स्वतःचा क्लास असायचा. शाळेतली अर्धी पोरं संध्याकाळी घरीही यायची.

सगळ्यात आधी नाव मोडलं ते बाखचं. शाळेच्या संगीताच्या खोलीत मी मोठमोठ्या रचनाकारांची चित्रं लावली होती, खाली देवनागरीत नावं. अर्धे टोपाचे केस घातलेले, सगळे रागावलेले. पोरं त्यांच्याकडं बघायलाच घाबरायची. एक दिवस पहिलीतलं एक पोर बाखच्या चित्राखाली उभं राहून म्हणालं, ‘बाई, ह्ये आजोबा बाक हायत?’ वर्ग खो खो हसला आणि त्याचं तोंड रडवेलं झालं. मी म्हटलं, ‘हायत की. सगळ्यांनी आधी ह्यांच्यावरच बसायचं असतं. बसायला आलं नाही तर वाजवणार काय?’ आणि त्यात खोटं काही नव्हतं. दोन हातांना दोन वेगळ्या गोष्टी बोलायला बाखच शिकवतो. तेव्हापासून बोटांचा रियाज म्हणजे ‘बाकावर बसणं’ झालं.

पोरांना तेवढंच पाहिजे होतं. मोझार्टचा ‘मोज-आर्ट’ झाला. आधी मोज, मग आर्ट. कुणाचा ताल सुटला की सगळा वर्ग ओरडायचा, ‘अरे मोज, मोज!’ हँडलचं काही करावंच लागलं नाही, तो आधीपासून सायकलीला होताच. मनगट वाकडं धरलं की ‘हँडल सरळ’. हायडन तर जन्मानंच कोल्हापूरचा. ‘हायडन हाय का?’ ‘हाय की!’ अशी आमची हजेरी. चायकॉव्स्कीचा चहाकॉफीस्की झाला. वाग्नर म्हणजे वाघ, त्यातही नर. चित्रातला त्याचा चेहराच असा की दाजीपूरच्या जंगलातून आत्ता उठून आलाय. आणि शोपाँ! त्याचं नाव इंग्रजीत वाचलं की होतं ‘चोपीन’. ‘अभ्यास केला न्हाईस तर चोपीन’ हे वाक्य मी आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की त्या खोकणाऱ्या नाजूक माणसाबद्दल मला पहिल्यांदाच घरच्यासारखी माया वाटली.

कुणी म्हणेल, हा थिल्लरपणा झाला. म्हणा बापडे. माझ्या वर्गातली पोरं विचारायची, ‘बाई, चोपीनला आई होती का? परत घरी गेला का त्यो?’ पोलंडातलं घर सोडलं ते तो परत कधी गेलाच नाही म्हटल्यावर एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलंय. ज्या शाळांत त्याचं नाव जिभेला वळण देऊन शुद्ध उच्चारतात, तिथं त्याच्यासाठी कोण रडलं ते मला आणून दाखवा.

ही नावं चित्रांपुरती राहिली नाहीत. पोरांची ने-आण करणाऱ्या रिक्षाला आमच्याकडं ‘वर्दीची रिक्षा’ म्हणतात. कसबा बावड्याहून अशी वर्दी घेऊन एक रिक्षावाला यायचा. त्याचं पोरांनी ‘व्हर्डी’ करून टाकलं. हा इटलीचा कुणी मोठा संगीतकार होता असं कळल्यावर गड्यानं रिक्षाच्या मागं मोठ्या अक्षरांत ‘व्हर्डी’ रंगवून घेतलं. लोक विचारायचे, ‘म्हंजे काय वो?’ तर सांगायचा, ‘आमचं कुलदैवत.’ त्याची मुलगी सातवीत होती, त्याच शाळेत. तिचे प्रश्न कधी संपायचे नाहीत, म्हणून ती ‘लिस्ट’. हंगेरीचा तो लिस्ट म्हणे पियानो फोडायचा वाजवता वाजवता. आमची लिस्ट माझं डोकं फोडायची. ‘बाई, काळ्या पट्ट्या कमी का हायत? बाई, डाव्या हाताला राग येत न्हाय का नुसतं धरून बसायचा?’ माझ्या सगळ्या क्लासमध्ये हाताला खरं वळण होतं ते तिच्या.

मग माझे कान गेले. एकदम नाही. वरचे सूर आधी गेले. पियानोच्या उजव्या टोकाच्या पट्ट्या दाबल्या की सुराऐवजी नुसतं लाकडाचं ‘टक’ ऐकू यायचं. मला वाटलं पियानो बिघडला. सूर लावणारा माणूस बोलावला, त्यानं सगळं खोलून बघितलं आणि म्हणाला, ‘बाई, पियानो ठणठणीत हाय.’ त्याच आठवड्यात कुकर शिट्ट्या मारमारून दमला आणि वरण करपलं, तरी मी शेजारीच वर्तमानपत्र वाचत बसलेली. आमचे हे धावत आले. गॅस बंद केला आणि माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या बघण्यावरूनच मला कळलं.

डॉक्टर म्हणाले, वयानं होतं, वरचे बारीक आवाज जातात, खालचे राहतात, पुढं किती जाईल सांगता येत नाही. दोन्ही कानांना यंत्रं दिली. घरी येऊन मी स्वयंपाकघरात बसून ढसाढसा रडले. गवंड्याचे हात जावेत, आचाऱ्याची जीभ जावी, तसं माझं झालं होतं. रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि संध्याकाळचा क्लास घेतला. घरी बसून तरी काय करणार होते?

पोरांपासून लपवलं नाही. यंत्र काढून हातावर ठेवून दाखवलं. म्हटलं, ‘वरचे सूर मला आता ऐकू येत नाहीत. बोटं बघून कळतं, लाकडावर हात ठेवून बरंच कळतं. पण सगळं नाही.’ लिस्टनं लगेच विचारलं, ‘म्हंजे बिथोवनसारखं?’ मी म्हटलं, ‘त्याच्याएवढं नाही अजून, तो ठार बहिरा झाला होता. आणि त्याच्याएवढं येतही नाही.’ तेव्हापासून मी शिकवताना खुर्ची पियानोच्या उजव्या अंगाला घेऊ लागले, तळहात लाकडावर आणि डोळे पट्ट्यांवर. चालत होतं. माझी पोरं बिघडली नाहीत. हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

आणि एक दिवस शाळेच्या फळ्यावर मोठ्या, वळणदार अक्षरांत दिसलं: ‘बहिरोवन बाई’.

खोटं कशाला बोलू, भडका उडाला डोक्याचा. आपलेच दात आणि आपलेच ओठ. खेळ मी शिकवलेला, पोरं माझी, आणि घाव बरोबर तिथंच. मी डस्टर हातात घेतलं. पण मी पेठेची आहे. पुसलं असतं तर ते नाव दुसऱ्या दिवशी जिन्यात, तिसऱ्या दिवशी फाटकावर आणि चौथ्या दिवशी चौकात दिसलं असतं. शिवाय त्या कोपऱ्यातून लिस्ट माझ्याकडं टुकूटुकू बघत होती, आणि तिच्या तोंडावर टिंगल नव्हती. आमच्याकडं परक्याला कुणी नाव ठेवत नाही. परक्याला ‘साहेब’ म्हणतात आणि सोडून देतात. मी डस्टर खाली ठेवलं आणि म्हटलं, ‘चला, बाकावर बसा.’ ते नाव फळ्यावर तसंच राहिलं आणि मी त्याच्याखाली शिकवत राहिले.

ते वाचलं आमच्या नव्या संचालिकाबाईंनी. शाळेच्या विश्वस्तांनी त्यांना बाहेरून आणलं होतं, शाळेचा दर्जा उंचावायला. कानामागून आली आणि तिखट झाली, अशातली गत. त्यांनी मला खोलीत बोलावून घेतलं, पाणी दिलं, आणि अगदी मऊ आवाजात, म्हणजे मला ऐकूच येणार नाही अशा आवाजात बोलू लागल्या. मी म्हटलं, ‘जरा मोठ्यानं बोला.’ तेवढंच त्यांना पाहिजे होतं बहुतेक.

‘मॅडम, हेच म्हणत होते मी. मुलं तुमची चेष्टा करतात, हे मला बघवत नाही.’

‘चेष्टा नव्हे ती. मला नाव ठेवलंय त्यांनी.’

‘आणि ही बाक, चोपीन, चहाकॉफी… जगातल्या एवढ्या थोर लोकांचा हा अनादर आहे. पालकही विचारतात. आणि आता तुमच्या कानांचं. पालकांच्या ग्रुपवर चर्चा चालू आहे. तुमच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, मॅडम.’

माझी प्रतिष्ठा! ती सांभाळायला मी कुणाला कधी दिली होती? मी म्हटलं, ‘मला ऐकू कमी येतं. कळायचं कमी झालेलं नाही. ज्या दिवशी शिकवता येणार नाही, त्या दिवशी मी स्वतः येऊन सांगेन. तोवर हा विषय काढू नका.’ त्या गोड हसल्या. हसण्यात होकार आहे की नकार, ते कळत नव्हतं. मी आपलं होकार समजून आले.

नकार होता. आणि तो मला कळला शाळेच्या फाटकापाशी, व्हर्डीकडून. रिक्षातून उतरून म्हणाला, ‘बाई, शनवारी तुमच्या निरोपाचा कारेक्रम हाय न्हवं? वर्दीच्या समद्या पोरास्नी घिऊन या म्हनून सांगितलंय शाळंनं.’

‘कुणाचा निरोप?’

‘तुमचा की.’ माझं तोंड बघून तो वरमला. ‘तुमास्नी ठाव न्हाय?’

पत्रिका दुसऱ्या दिवशी आली. ‘कृतज्ञता सोहळा’. शाल, श्रीफळ, मानपत्र, विद्यार्थिनीचं पियानोवादन. सगळं ठरलेलं, फक्त मला विचारायचं राहिलं होतं. आपल्याकडं माणसाला काढून टाकायची ही जुनी, सोज्वळ रीत आहे. तोंडावर कुणी म्हणत नाही, ‘तुम्ही नको.’ शाल पांघरतात, नारळ देतात, फोटो काढतात, आणि त्या फोटोनंतर तुम्ही परत आलात तर लोक म्हणतात, ‘अरेच्चा, तुमचा तर सत्कार झाला की!’ ‘नारळ दिला’ म्हणजे काय, ते आमच्याकडं शेंबड्या पोरालाही समजतं. आमचे हे म्हणाले, ‘जाऊ नकोस. आजारी आहे म्हणून कळव.’ मी म्हटलं, जाणार. ठेवणीतली इरकल नेसून जाणार. शेंडी तुटो की पारंबी.

शनिवारी सकाळी हॉल भरलेला. पुढच्या रांगेत विश्वस्त, मागं पालक, शेवटी रिक्षावाले. मंचावर एका बाजूला पियानो, त्याच्यासमोर लिस्ट, दोन घट्ट वेण्या घालून. ती बिथोवनचा एक छोटा तुकडा वाजवणार होती. तीन महिने आम्ही त्याच्यावर घासत होतो. मला खुर्चीत बसवलं, आणि फेटेवाला आला.

आमच्याकडं फेटा बांधल्याशिवाय कार्यक्रमाचं पान हलत नाही. हल्ली बायकांनाही बांधतात. त्यानं भगवा फेटा घेतला, एक टोक दातांत धरलं आणि ओढून ओढून असा झक्क बांधला की भुवया वर गेल्या. माझ्या कानांवरून, यंत्रांवरून, सगळ्यावरून. बिचाऱ्याला काय माहीत? झाकलं की ही यंत्रं शिट्टी मारतात. ती शिट्टी बारीक, म्हणजे ती मला ऐकूच येत नव्हती. मला नुसतं गूं गूं ऐकू येत होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तसा कान दाबून.

संचालिकाबाई माइकवर बोलू लागल्या. माझ्याबद्दल बोलत होत्या, कारण मधूनमधून माझ्याकडं हात करत होत्या. मला एक अक्षर कळत नव्हतं. माझ्याच निरोपाचं भाषण आणि मलाच त्याचा पत्ता नाही! पण समोर काहीतरी विचित्र चाललं होतं. लोक इकडंतिकडं बघत होते. साउंडवाला पळत आला, त्यानं माइक बदलला, वायर हलवली. पुढच्या रांगेतले अध्यक्ष कानात बोट घालून बसले होते. मला काही उमजेना. मग पियानोपाशी बसलेल्या लिस्टनं माझ्याकडं बघत स्वतःच्या कानाला हात लावला आणि ओठांचा चंबू करून शीळ घातल्यासारखं केलं. आलं लक्षात. माइकमधून अख्ख्या हॉलमध्ये माझीच शिट्टी वाजत होती.

मी उठले आणि फेटा काढला.

सत्काराला बांधलेला फेटा मंचावर कुणी काढत नाही. मी फेट्याची घडी घातली, खुर्चीवर ठेवली, यंत्रं नीट बसवली आणि माइक मागितला. संचालिकाबाईंनी तो दिला, कारण सगळ्यांदेखत नाही कसं म्हणणार?

‘मघापासून मॅडम काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही,’ मी म्हटलं. ‘चांगलंच बोलल्या असतील. निरोपाला चांगलंच बोलतात. पण मी निरोप मागितलेला नाही. तुमच्या मुलांना मी शिकवते, ती शिकतात, तुम्ही घरी ऐकता. कुणाचं बिघडलंय, त्यानं उभं राहून सांगावं.’ कुणी उभं राहिलं नाही. ‘वरचे सूर मला ऐकू येत नाहीत. मुलांना हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांनी मला बहिरोवन म्हटलं. म्हणू देत. त्यांनी तोंडावर म्हटलं. तुम्ही मोठी माणसं, तुम्ही पत्रिका छापलीत.’

माझा आवाज थरथरत होता, आणि तो थरथरतोय ह्याचाही मला राग येत होता.

तोवर अध्यक्ष नारळ घेऊन मंचावर आले होते. पांढरेशुभ्र कपडे, साखर कारखान्याच्या सभांत मुरलेला माणूस. हलक्या सुरात म्हणाले, ‘बाई, असं करू नये. नारळ घ्या. पुढं केलेला नारळ मागं न्यायचा नसतो.’

‘मग खोबरं करून पोरांना वाटा,’ मी म्हटलं. ‘मी घेणार नाही.’

मागच्या रांगेतून कुणीतरी जोरात शिट्टी मारली. ही मात्र मला ऐकू आली, रिक्षावाल्यांकडची होती. दोनचार टाळ्या पडल्या. बाकीचे पालक खाली मोबाइलकडं बघत राहिले. मी लिस्टकडं वळून म्हटलं, ‘वाजव.’ तिनं हात उचलले, तेवढ्यात संचालिकाबाईंनी दुसऱ्या माइकवरून आभार मानायला सुरुवात केली, आणि आभार संपतात न संपतात तोच राष्ट्रगीत लावलं. सगळे उभे राहिले. मीही राहिले. राष्ट्रगीतापुढं कोण बोलणार? लिस्टचे हात तसेच मांडीवर. तिला वाजवू दिलं नाही, ह्याचा मला नारळापेक्षा जास्त संताप आला.

माझी गोष्ट ऐकून लोक विचारतात, मग जिंकलात ना? कसली जिंकतेय. जूनमध्ये शाळेनं मला बोलावलंच नाही. भिंतीवरची चित्रं उतरवली, खोलीत स्क्रीन लावला, असं कळलं. त्याची मला फारशी खंत नाही. भीती होती ती घरच्या क्लासची. सुट्टीत एकेक फोन येऊ लागला. ‘बाई, ह्या वर्षी ट्यूशनचं टाइमिंग जमत नाही.’ ‘बाई, तिला डान्स लावायचाय.’ कानांचं नाव कुणी काढत नव्हतं. शाळा गेली तर क्लास होता, क्लास गेला तर मी कोण? पियानो असलेली एक बहिरी बाई, एवढंच. क्लास सुरू व्हायच्या सोमवारी मी दुपारपासूनच पियानो पुसून, खुर्ची मांडून बसले होते. खाली गिरण घरघरत होती. तिचा खर्जातला आवाज मला अजून नीट ऐकू येतो, पायाखालच्या फरशीतून वर येतो. वेळ झाली. कुणी आलं नाही.

मग जिन्यात पावलं वाजली. व्हर्डी वर आला, मागं लिस्ट. ती आत आली. तो उंबऱ्याबाहेर, चपला न काढताच उभा राहिला.

‘बाई, सरळ इचारतो, राग मानू नका,’ तो म्हणाला. खणखणीत आवाजात, मला बरोबर ऐकू येईल असा. त्याबद्दल मी त्याची आभारी आहे. ‘समदी पोरं सोडून चाललीती. आमच्या घरातबी म्हंत्यात, बंद करा. तुमी शाळंत बोलला ते मला पटलं, शिट्टी मीच मारलीती. पर पोरीच्या जल्माचा सवाल हाय. तुमास्नी न्हाय ऐकू आलं, तर हिची चूक काढणार कोण?’

इतक्या महिन्यांत हे मला कुणी तोंडावर विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, संचालिकाबाईंनी नाही, त्या ग्रुपवरच्या एकानंही नाही.

‘मला कळेल ती मी काढेन,’ मी म्हटलं. ‘नाही कळणार ती हीच काढेल.’

तो हसला, पण वाईट नाही. ‘ल्हान पोर हाय वो बाई. आन् आपली आपुन चूक कोण कबूल करतंय? म्होटी म्होटी माणसं करंनात.’

मी लिस्टला म्हटलं, ‘ते वाजव. शाळेत राहिलेलं.’

ती बसली. शेवटाकडं जाताना तो तुकडा पायऱ्या चढल्यासारखा उजवीकडं वर वर जातो आणि अगदी टोकाच्या एका सुरावर थांबतो. खालचं सगळं मला ऐकू आलं. डावा हात कसा सांभाळून, कुठं दम घेऊन, कुठं न घाबरता, सगळं. मधल्या एका जागी ती घाईत होती, मी लाकडावर बोट आपटलं, ती सावरली. मग ती वर चढू लागली आणि सूर एकेक करून माझ्या हातातून सुटत गेले. मी पट्ट्यांकडं बघायला हवं होतं. बघत होते मी तिच्या बापाकडं. तो जायला निघतोय की काय, ते बघत होते. ‘टक’ झालं. तिनं हात उचलले.

‘छान,’ मी म्हणाले. ‘छान झालं.’

ती उठली नाही. खाली मान घालून बसली. बाप दारात, आई घरी ‘बंद करा’ म्हणणारी, आणि चांगलं वाजलं की वाईट, हे त्या खोलीत तिच्याशिवाय एकालाही सांगता येत नव्हतं.

‘न्हाय बाई,’ ती म्हणाली. ‘शेवटचा चुकला. बाजूची पट्टी लागली.’

आमच्याकडच्या मुली बोलताना पोरांसारख्याच बोलतात, येतो, जातो म्हणतात. तशी ती, माझ्याकडं न बघताच, म्हणाली, ‘थांबा, परत वाजवतो.’

व्हर्डीनं चपला काढल्या, आत आला आणि भिंतीला टेकून बसला.